जिभाऊंच्या कानातलं खातं

जिभाऊ बोलत ते ओरडूनच, आणि खरोखर ओरडायची वेळ आली की एकदम गप्प होऊन हात हलवत. त्यामुळे सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत कोणाचं काही गुपित राहिलं नाही. ‘गुरुजी, तुमच्या मूळव्याधीला औषध लागू पडलं का?’ हे त्यांनी मला सकाळी साडेसातला, दुधाच्या रांगेत, वीसेक माणसांच्या डोक्यांवरून विचारलं होतं. मी मान खाली घालून होकार दिला. ‘हां, मग बरं झालं!’ असं म्हणून ते निघून गेले आणि रांगेतल्या तिघांनी मला औषधाचं नाव विचारलं.

खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. ते माझे भाऊ नव्हते आणि थोरलेही नव्हते. उलट मीच दीड वर्षानं मोठा. पण सगळी गल्ली म्हणे म्हणून मीही म्हणे. शिंदखेड्याकडचं गाव सोडून ते अठराव्या वर्षी उधन्याला आले आणि पुढं चाळीस वर्षं मागांवर राहिले. मागांच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. शंभरावर माग एकदम चालणाऱ्या खात्यात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. दोन बोटं एकमेकांवर घासली की ताण्याचा उभा धागा तुटला. मूठ गोल फिरवली की मशीन चालू, तळहात आडवा मारला की बंद. उरलेलं सगळं समोरच्याच्या ओठांवरून वाचायचं. जिभाऊ त्यात इतके तरबेज, की उधन्याच्या बाजारात रस्त्यापलीकडं सासूसुना भांडत असल्या तर हे अलीकडून मला दोघींच्या आवाजात भांडण ऐकवायचे. ‘अहो, लोकांचं बोलणं चोरून ऐकू नये,’ मी म्हणे. ‘ऐकलं कुठं? मी तर पाहिलं!’ असं म्हणून ते खो खो हसत.

मागांची दुरुस्ती करणाऱ्यालाही इथं मास्तरच म्हणतात. ते मागांचे मास्तर आणि मी मराठी शाळेचा मास्तर. घोटाळा नको म्हणून मला गुरुजी करून टाकायचं त्यांनीच ठरवलं. कुठलंही मशीन बिघडलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं : ‘पहिले बंद करा, मग पाहू.’ हेच ते घरातही म्हणत. नवराबायकोचं भांडण त्यांच्याकडं आलं, तरी आधी दोघांना समोर बसवून तळहात आडवा मारत, ‘पहिले बंद करा!’ गंमत अशी, की पुष्कळदा तेवढ्यानंच भांडण मिटायचं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मुलांवर मला तो प्रयोग एकदाही साधला नाही.

वहिनी गेल्या आणि जिभाऊंनी काम सोडलं. मुलगा प्रकाश त्यांना शहराच्या नव्या भागात आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन गेला. दुहेरी काचांच्या खिडक्या, मऊ गादी, सून गुणाची. आठवड्याभरात जिभाऊ रिक्षा करून माझ्याकडं आले. चेहरा असा उतरलेला, की मला वाटलं घरात काही वाजलं असणार. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, ‘गुरुजी, कान मा खातं चालू से! बंदच व्हत नही!’

आधी मला कळेचना. मग कळलं ते असं : खटखट, खटखट, अष्टौप्रहर, दोन्ही कानांत. नवागामात त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडं खातं होतं, त्यामुळे बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं हे त्यांना कधी समजलंच नव्हतं. फ्लॅटमध्ये बाहेरचं बंद झालं आणि आतलं उघडं पडलं. झोप उडाली. जेवताना घास हातात धरून ते नुसते बसून राहायचे. पण मास्तर असल्यामुळे त्यांनी बिघाड शोधायला घेतला. आवाज कानात आहे हे त्यांना पटेना. त्यांच्या मते तो जमिनीतून इमारतीत चढत होता, कारण अख्खी सुरत मागांवर उभी आहे. दिवाळीत सुरतेची सगळी खाती बंद होतात, कामगार गावी जातात, उधन्यात चिटपाखरू दिसत नाही. जिभाऊ मुद्दाम गावी गेले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बंद खात्याच्या दाराला कान लावून उभे राहिले. आवाज होताच. ‘मग हा नवसारीकडून येत असेल,’ ते म्हणाले. मी हात टेकले.

एका दुपारी प्रकाश माझ्या दारात येऊन लहान मुलासारखा रडायला लागला. जिभाऊ मोरीत आरशासमोर डिसमिस घेऊन बसलेले सापडले होते. स्क्रू ड्रायव्हरला आमच्याकडं डिसमिस म्हणतात. त्याचं टोक कानात होतं. विचारलं तर म्हणाले, ‘खोलून पाहतो.’ प्रकाश मला म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही काहीतरी करा. नाहीतर एक दिवस हे खरंच काहीतरी करून बसतील.’

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तपासणी झाली. डॉक्टर खुर्ची माझ्याकडं वळवून अगदी खालच्या आवाजात गुजरातीत म्हणाले, ‘काका, चाळीस वर्षांच्या मागांनी कान आतून गेले आहेत. याला स्विच नाही. आणि शांत जागी नेऊ नका, शांततेत हे जास्त ऐकू येतं.’ मी मान डोलावली. जिभाऊ शेजारी बसून डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवरचं कानाचं चित्र पाहत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘काय म्हणाला?’ त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचं हे मशीन कधी बंद होणार नाही? मी म्हणालो, ‘आराम करा म्हणाले. हवापालट करा.’

इथून पुढं जे झालं त्याचा दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या खात्यात मशीन बसवायला यूसुफ नावाचा एक तुर्की इंजिनियर आला होता. दोन महिने तो उधन्यात होता. त्याला हिंदी येत नव्हतं, जिभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण खात्यात भाषा लागते कोणाला? दोघांची हातांनीच गट्टी जमली. यूसुफनं त्यांना आपलं गाव हातानं सांगितलं होतं : असा डोंगर, असा बर्फ, अशी म्हातारी आई, आणि शेवटी दोन्ही कानांवर बोटं ठेवून तळहात आडवा. म्हणजे, तिथं काहीच ऐकू येत नाही. ‘हवापालट’ हा शब्द ऐकल्याबरोबर जिभाऊंच्या डोळ्यांत दिवा लागला. ‘गुरुजी, टर्कीले जाऊ! तठे आवाज बंद व्हई!’

मी तिथल्या तिथं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझं मन पाघळलं. तीस वर्षं मी भूगोल शिकवला. फाटक्या नकाशावर पट्टी ठेवून मुलांना अरारात पर्वत दाखवला, आणि स्वतः द्वारकेच्या पलीकडं गेलो नाही. मी म्हणालो, ‘जाऊ या की.’ मनाची समजूत घातली, की डॉक्टरही चुकतात कधी कधी. प्रकाशनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिकिटं काढून दिली. यूसुफ स्वतः कामानिमित्त दुसऱ्याच देशात होता, पण त्यानं फोनवर सांगितलं, ‘आई वाट पाहील.’

विमानातून उतरल्यापासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. मला इंग्रजी येतं म्हणून मी पुढारी. पण पूर्व तुर्कस्तानात माझं इंग्रजी ऐकायलाच कोणी तयार नाही. फोनवर भाषांतराची सोय होती. मी तिला मराठीत विचारलं, ‘गरम पाणी कुठे मिळेल?’ तिनं दुकानदाराला काय सांगितलं देव जाणे, त्यानं मला लोकरीची टोपी आणून दिली. तिकडं जिभाऊ मात्र टपरीत शिरले, अंगठा ओठांशी नेला, दोन बोटं दाखवली आणि दोन चहा समोर हजर. एरझुरुम गावात लोक साखरेचा खडा गालात धरून वर कोरा चहा पितात. मी चमचा शोधत बसलो. जिभाऊंनी एकदा पाहिलं आणि खडा तंबाखूच्या गोळीसारखा गालात सारला. टपरीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना सरकून जागा करून दिली.

तिथून आम्हाला कार्स नावाच्या गावी जायचं होतं. बसस्थानकावर मी ड्रायव्हरला विचारलं, ‘कार्स?’ त्यानं भुवया उडवल्या, हनुवटी वर केली आणि जिभेनं ‘च्’ केलं. आपल्या माणसानं अशी हनुवटी उडवली की ‘चला, बसा’ एवढाच त्याचा अर्थ. मी जिभाऊंना हाताला धरून आत बसवलं. वाटेत पोऱ्यागत दिसणारा तो ड्रायव्हर आरशातून बघून पुन्हा काही विचारायचा आणि मी आपला आनंदानं मान डोलवायचो. पाच तासांनी उतरलो तर गाव भलतंच. दोउबायाझित! बोर्ड मी दोनदा वाचला. तिथल्या एका चहावाल्यानं माझ्या फोनवरच्या भाषांतरातून खुलासा केला, की त्यांच्याकडं हनुवटी वर करणं म्हणजे ‘नाही’.

‘मला वाटलंच व्हतं,’ जिभाऊ शांतपणे म्हणाले. ‘तो नाही म्हणत व्हता. तोंडावर दिसत व्हतं ना.’

‘अहो, मग बोलला का नाहीत?’ मी भडकलो.

‘तुम्ही इतक्या झोकात बसले, म्हटलं कशाला मोडता घालू?’

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. रस्ता संपतो तिथं, घरांच्या वर, टेलिफोनच्या तारांच्या वर, एकटाच उभा, अर्ध्याच्या वर पांढरा. अरारात. तीस वर्षं ज्याच्यावर पट्टी ठेवली तो. माझ्या डोळ्यांना धार लागली, राग कुठं गेला कळलं नाही. मी हातवारे करून जिभाऊंना त्याची उंची, त्याचं ज्वालामुखी असणं, सगळं सांगत सुटलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की ते डोंगराकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी उलट्या वाटेनं काळ्या दगडांच्या कार्सला पोचलो आणि तिथून एका छोट्या गाडीनं यूसुफच्या गावाच्या फाट्यावर. दुपारचे बारा वाजले असतील. गाडी गेली आणि सगळं थांबलं. चहूकडं बर्फ, वारा नाही, पाखरू नाही, धूर सरळ वर चाललेला. मला माझा आवंढा ऐकू आला. जिभाऊंनी सामान खाली ठेवलं, कानटोपी काढली आणि रस्ता सोडून बर्फात पन्नास पावलं चालत गेले. पाठमोरे उभे राहिले. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. म्हटलं, होऊ दे डॉक्टर खोटा, एवढ्या लांब आलोय.

ते वळले. त्यांनी हात वर केला आणि मूठ गोल फिरवली. चालू. मग आणखी जोरात फिरवली.

मी धडपडत गेलो तोवर ते बर्फात मांडी घालून बसले होते. ‘बंद व्हत नही, गुरुजी,’ ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी हळू म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. ‘आठे तर सगळे माग एकदम चालू सेत.’ मला हे ठाऊक होतं. मला हे सुरतेतच सांगण्यात आलं होतं. मी नुसता त्यांच्या खांद्यावरचा बर्फ झटकत राहिलो. तिथं बर्फ पडतही नव्हता.

यूसुफच्या आईनं आम्हाला हाताला धरून घरात नेलं. सत्तरीची बाई, डोक्याला पांढरा रुमाल. जिभाऊंनी तिला पहिल्या क्षणापासून ‘माय’ म्हटलं आणि तिनं ‘ओ’ही दिली. भाकरीसारखा रोट, पनीर, मध. जिभाऊंनी घास हातात धरला आणि बसून राहिले. मी म्हणालो, ‘खा हो.’ त्यांनी ऐकलंच नाही. चुलीशेजारच्या भिंतीला एक उभा माग टेकलेला होता. लाकडाचा, हातानं चालवायचा, त्यावर अर्धी सतरंजी. म्हातारी आपल्या कामाला बसली. बोटांनी धागा ओवायचा आणि लोखंडी दात्यांच्या जड फणीनं ठोकायचा. ठक्, ठक्, ठक्.

जिभाऊंनी मान वर केली. घास तोंडात घातला. उठले, मागाजवळ गेले, ताण्यावर तळहात ठेवला आणि कपाळाला आठी घातली. उजवी बाजू ढिली! त्यांनी म्हातारीला तळहात आडवा मारून दाखवला : पहिले बंद करा. तिनं हनुवटी वर करून ‘च्’ केलं. यांनी पुन्हा तळहात. तिनं पुन्हा ‘च्’. शेवटी जिभाऊंनी सरपणातली एक चपटी ढलपी उचलून खालच्या दांड्यात ठोकली आणि ताणा सारखा झाला. म्हातारीनं बोटांनी धागे छेडून पाहिले, त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि पुन्हा विणायला लागली. जिभाऊ तिथंच मागाशेजारी भिंतीला टेकून बसले. ठक्, ठक्. पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर पडली. मी घाबरून जवळ गेलो. ते घोरत होते.

किती महिन्यांनी हा माणूस झोपला होता! म्हातारी चहा टाकायला उठली, आवाज थांबला, आणि त्यांनी दचकून डोळे उघडले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, चहा तसाच सोडला आणि परत येऊन ठोकायला लागली. डोळे पुन्हा मिटले. मग तिनं मला काहीतरी आणायची खूण केली. मी पाणी आणलं. ‘च्’. रोट आणला. ‘च्’. सरपण आणलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. शेवटी समजलं : नक्षीत तांबडा पट्टा संपून निळा सुरू व्हायचा होता आणि निळी लोकर आतल्या खोलीत होती. मी आत गेलो तर तिथं पंचवीस गुंड्या, आणि खोलीत अंधार. मी घेऊन आलो तीही तांबडीच. तिनं माझ्याकडं पाहिलं, झोपलेल्या जिभाऊंकडं पाहिलं, आणि तांबडंच पुढं विणत राहिली. नक्षी बिघडली तरी हात थांबवला नाही. दिवेलागणीपर्यंत.

चार दिवस राहिलो. रोज दुपारी ती विणायची आणि हे झोपायचे. निघताना जिभाऊ तिच्या पाया पडले. तिनं त्यांचे दोन्ही कान हातात धरले आणि त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

परत आल्यावर जिभाऊंनी प्रकाशला सांगितलं, की मी नवागामच्या खोलीवर जाणार, भिंतीपलीकडं खातं आहे तिथंच. घरात मोठं भांडण झालं. गल्लीत लोक म्हणाले, मुलानं बापाला बाहेर काढलं; बिचारा प्रकाश तोंड लपवून डबा घेऊन यायचा. पण जिभाऊ जेवायला लागले, झोपायला लागले, दुधाच्या रांगेत ओरडायला लागले. मला मात्र चैन पडेना. एवढे डोंगर ओलांडून आम्ही काय शिकून आलो? की होतं तिथंच राहावं? मग जायचंच कशाला होतं? एका दुपारी मी धीर करून त्यांना सांगून टाकलं, ‘जिभाऊ, मी तुम्हाला फसवलं. डॉक्टर म्हणाले होते, शांत जागी नेऊ नका.’

‘माहीत से,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरचे ओठ दिसत व्हते ना मले.’

मी विचारलं, ‘मग आलात कशाला?’

‘डॉक्टर चुकला तर चुकला, म्हटलं. आणि तुम्ही हवापालट म्हटलं तव्हा तुमचं तोंड...’ त्यांनी पुढं बोलायचं सोडून दोन्ही हातांनी हवेत एक मोठा डोंगर काढून दाखवला.

आता सांगा, कोणी कोणाला नेलं होतं? मी पुष्कळ विचार केला. हिशेब लागत नाही.

एक अडचण राहिलीच होती : दिवाळी. खाती बंद झाली की भिंतीपलीकडं सामसूम. यूसुफनं तोवर ती सतरंजी पाठवली होती, मधला तांबडा पट्टा वेडावाकडा रुंद असलेली. ती अंथरून जिभाऊ दुपारी आडवे होत आणि मी खुर्ची टाकून, शाळेतून आणलेलं लाकडी डस्टर पाटावर आपटत बसे. ठक्, ठक्, ठक्. माझा ताल चुकला की ते डोळे न उघडता म्हणत, ‘ताणा ढिला से, गुरुजी.’ तीन दिवाळ्या मी हे केलं. साठी उलटलेल्या माणसानं दुपारी पाट बडवत बसावं, ह्याचं गल्लीत हसं झालं. होऊ दे म्हटलं.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी मी असाच बसलो होतो. ताल दोनदा चुकला, ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आज छान झोप लागलीय. मीही मग मन लावून ठोकत राहिलो, हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात डस्टर घेतलं. उन्हाची तिरीप सतरंजीच्या तांबड्या पट्ट्यावरून सरकून भिंतीवर चढली. प्रकाश फराळाचा डबा घेऊन आला. तो जिभाऊंजवळ वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठून त्यानं माझं मनगट धरलं.

‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘बंद करा आता.’

मला काही समजेना. मी त्याच्या ओठांकडं बघत राहिलो आणि माझा हात तसाच चालू होता.